आईच्या काखेचं ऑपरेशन: बडोद्यातला अनुभव

आईच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन बडोद्यातच केलं. दांडिया बाजारातून रिक्षाने वीस मिनिटं. मामा म्हणत होते, मुंबईला न्या. नाही नेलं, आणि पश्चात्ताप नाही.

सर्जनबाईंनी कागदावर काख काढून समजावलं. स्तनात आयसीजी नावाचा हिरवा रंग टोचायचा. तो सर्वांत आधी काखेतल्या ज्या लिम्फ नोडमध्ये (छोट्या ग्रंथीत) पोचतो तो पहारेकरी; कॅन्सर पसरलाच तर आधी तिथे जातो. इन्फ्रारेड कॅमेऱ्यात तो चमकतो. तोच काढून तपासायचा. स्वच्छ निघाला, म्हणजे त्यात कॅन्सर नसला, तर बाकीची काख उकरायची नाही, म्हणजे पुढे हात सुजायचा धोका कमी. आईचे दोनच काढले, दोन्ही स्वच्छ. दहाव्या दिवशी आई पोळ्या लाटत होती! (ओरडलो, अर्थात.)

मी विचारलं, यात खोट काय? म्हणाल्या, आयसीजीचा रेणू लहान, एका नोडमध्ये थांबत नाही, पुढच्यांत सरकतो. म्हणून तो चरबीच्या नॅनोकणांत (अतिसूक्ष्म कणांत) भरून थोपवायचं संशोधन चाललंय. आमच्याकडे अजून ते नाही. इतकं सरळ उत्तर मला आजवर कुठल्या डॉक्टरांनी दिलं नव्हतं.

तक्रार बिलाची. कॅमेऱ्याचा चार्ज एस्टिमेटमध्ये नव्हताच, डिस्चार्जच्या दिवशी कळला. काउंटरवर दीड तास गेला. शिवाय जोडीला निळा रंगही टोचतात आणि त्याने लघवी हिरवी-निळी होते, हे आधी कुणी बोललं नाही. रात्री दोनला आईने घाबरून मला हलवून उठवलं. नर्स मात्र हसून म्हणाली, ‘माजी, दोन दिवसांत जाईल.’ गेलं.

कँटीनचा चहा टाळा.