टॉवेल-चादरीच्या डिझाइनसाठी कलरीमीटर घ्यावा का? एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यावर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यांना जॅकार्डची, म्हणजे विणीतच उमटणाऱ्या नक्षीची, डिझाइनं करून देणं हा माझा धंदा. पार्टी स्क्रीनवर रंग पास करते, डाईंग मास्तर सूत रंगवतो, आणि माल तयार झाला की "हा मरून आम्ही सांगितलाच नव्हता" हे ऐकायला मी. या कटकटीपायी आयवन डिस्प्ले प्रो हा कलरीमीटर, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजणारं यंत्र, सेकंडहँड घेतला.

यंत्र स्क्रीनवर टेकवून लटकवायचं. सॉफ्टवेअर एकामागून एक रंगाचे चौकोन दाखवतं, यंत्र मोजत जातं. मी ग्रेम गिल यांचं आर्गिल सीएमएस आणि त्याच्या जोरावर चालणारं डिस्प्लेकॅल वापरतो, दोन्ही फुकट. डिस्प्लेकॅलची मूळ आवृत्ती थांबलीय, पायथन ३ वाली घ्या.

पहिल्याच मोजणीत मॉनिटरचं पितळ उघडं पडलं. पांढरा ७३०० केल्विनच्या आसपास, म्हणजे चांगलाच निळसर. मला हवा होता डी६५ (दिवसाच्या उजेडाचा प्रमाण पांढरा), म्हणजे साधारण ६५०० केल्विन, गॅमा (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेड चढण्याचा वक्र) २.२ आणि उजेड १२० कँडेला प्रति चौरस मीटर. इथे घाई करू नका. पांढरा आणि उजेड आधी मॉनिटरच्याच बटणांनी, लाल-हिरवा-निळा कमी करत, जमेल तितका जागेवर आणा. उरलेली दुरुस्ती सॉफ्टवेअर ग्राफिक्स कार्डातून करतं, आणि ८ बिटांत प्रत्येक रंगाच्या पायऱ्या २५६च. तिथे जास्त ओढाताण झाली की पायऱ्या गळतात, आणि राखाडीच्या उतरत्या शेडमध्ये सरळ पट्टे दिसायला लागतात.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते बॅकलाइटच्या, म्हणजे स्क्रीनमागच्या दिव्याच्या, निवडीनं. कलरीमीटर रंग फिल्टरमधून पाहतो, आणि ते फिल्टर १९३१ साली सीआयई या आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगानं ठरवलेल्या प्रमाण डोळ्याशी तंतोतंत जुळत नाहीत. साधा पांढरा एलईडी आणि वाइड गॅमट (जास्त भडक रंग दाखवणारं) पॅनेल यांचा वर्णपट वेगळा, म्हणून कोणता बॅकलाइट आहे हे सॉफ्टवेअरला नीट सांगावं लागतं. मुद्दाम भलताच पर्याय देऊन पाहिला, तर रिपोर्ट झकास आणि समोरचा पांढरा गुलाबीसर! नुसत्या रिपोर्टवर विसंबू नका.

कॅलिब्रेशन आणि प्रोफाइल या दोन गोष्टींत इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. कॅलिब्रेशन स्क्रीनला जागेवर आणतं. त्यानंतरही ती कुठे किती चुकते याची नोंद म्हणजे प्रोफाइल. मॅट्रिक्स प्रोफाइल असं धरून चालतं की लाल, हिरवा, निळा यांची सरळ बेरीज होते. तीन मूळ रंग आणि त्यांचे वक्र, एवढ्यात काम भागतं. माझ्या आयपीएस पॅनेलला ते पुरलं. जुन्या लॅपटॉपला नाही पुरलं, तिथे बरेच जास्त चौकोन मोजून टेबलवाली (मोजलेल्या रंगांचा तक्ताच असलेली) प्रोफाइल करावी लागली. फोटोशॉप ही नोंद वाचतं. माझं जॅकार्डचं जुनं सॉफ्टवेअर वाचतच नाही, म्हणून रंग पास करायचं काम आता फक्त फोटोशॉपमध्ये. शेवटच्या तपासणीत डेल्टा ई २००० (दोन रंगांतल्या फरकाचं माप) ची सरासरी १ च्या आत आली, गडद निळ्यात मात्र अडीचला टेकली. साधारण १ च्या खालचा फरक डोळ्याला सहसा कळत नाही, त्यामुळे तक्रार नाही.

आता कापडाकडे. डाईंग मास्तर मरून सुताचा कोन (शंकूवर गुंडाळलेलं सूत) घेऊन आले आणि स्क्रीनशेजारी धरला. ट्यूबलाइटखाली जुळला. दारात उन्हात नेला तर तपकिरीकडे झुकला. याला मेटामेरिझम म्हणतात, आणि यात कलरीमीटर काहीही करू शकत नाही. त्यासाठी डी६५ आणि टीएल८४ (दुकानातल्या ट्यूबसारखा उजेड) दिव्यांचा लाइट बॉक्सच लागतो. पांढऱ्या टॉवेलचंही तेच. त्यातला ब्राइटनर अतिनील किरणं घेऊन निळसर चमकतो, ती झळाळी स्क्रीनवर येणार कुठून? काही भडक फिरोजी शेड तर एसआरजीबीत, म्हणजे साध्या स्क्रीनच्या प्रमाण रंगकक्षेत, बसतच नाहीत. त्यांचा निर्णय मी सुतावरच घेतो. आणि पार्टीच्या मोबाइलवर विविड (रंग भडक करणारा) मोड चालू असेल तर पुढचं बोलणंच खुंटलं. मी आता फोटोसोबत शेड कार्डचा नंबर पाठवतो, वाद निम्म्यावर आले.

सोलापूरच्या हवेबद्दल थोडं. लाइट गेली आणि आली की मॉनिटर अर्धा तास तापू द्या, मगच मोजा. मे महिन्यातलं दुपारचं ऊन खिडकीतून आत येत असेल तर जाड पडदा लावा. यंत्र स्क्रीनला चिकटलेलं असतं म्हणून त्याला फरक पडत नाही, आपल्या डोळ्याला पडतो. कारखान्यात कापसाची धूळ लेन्सवर बसते, काम झालं की झाकण फिरवून बंद करायचं. महिन्यातून एकदा मोजणी पुरते.

घ्यावा का? स्क्रीन पाहून सूत रंगत असेल तर डोळे झाकून घ्या. नुसते लग्नपत्रिकेचे आणि फ्लेक्सचे काम असेल तर तेच पैसे बऱ्या आयपीएस मॉनिटरवर घाला. सेकंडहँड घेताना फार जुनी मॉडेलं टाळा, त्यांचे फिल्टर वयानुसार उतरतात आणि आकडे हळूहळू सरकतात. डिस्प्ले प्रोचे फिल्टर काचेचे आहेत, तरी पैसे देण्याआधी विकणाऱ्यासमोर एका चांगल्या स्क्रीनचा पांढरा मोजून बघाच.