पट्टा आणि उरुमी: मर्दानी खेळ व कलरीपयट्टू

आपला मर्दानी खेळ आणि केरळची कलरीपयट्टू, दोन्ही युद्धकलांत लवलवतं पातं आहे. केरळची उरुमी, म्हणजे लवचीक पात्याची तलवार, कमरपट्ट्यासारखी गुंडाळता येते. आपल्या दांडपट्ट्याचं लांब, सरळ पातं कोपरापर्यंत येणाऱ्या लोखंडी खोबणीत बसवलेलं असतं. त्यामुळे मनगट जखडतं आणि वार खांद्यातून, कमरेतून येतो. तळहातावरचं लिंबू पट्ट्याने दोन फाकी होऊन पडतं आणि हाताला ओरखडाही उठत नाही. हे समोरून पाहताना आजही श्वास अडकतो.

उगम पाहिला तर मर्दानी खेळ मराठा शिपायाच्या गरजेतून घडला आणि कोल्हापुरात पेठांमधल्या तालमींनी तो जपला. कलरीपयट्टू, थोडक्यात कलरी, ही केरळच्या उत्तरेकडल्या मलबारातली. जमिनीत खोदलेला, साधारण 42 बाय 21 फुटांचा आखाडा, नैऋत्य कोपऱ्यात सात पायऱ्यांची पूत्तरा, म्हणजे पूजेची वेदी. आधी शरीर, मग काठी, मग धातूची शस्त्रं, शेवटी रिकामे हात, असा शिकण्याचा क्रम ठरलेला. जोडीला तेलमालिश आणि मर्मचिकित्सा, म्हणजे शरीरातल्या नाजूक मर्मस्थानांवरचे उपचार.

प्रसारात कलरी पुढे गेली, हे मान्य करायलाच हवं. 20व्या शतकात सी. व्ही. नारायणन नायर यांनी तलश्शेरीतून तिला नवी उभारी दिली. 2017 साली कलरीच्या गुरू मीनाक्षी अम्मांना पद्मश्री मिळाली, 2022 मध्ये पंचकुलाच्या खेलो इंडिया स्पर्धेत कलरीला जागा मिळाली. माझ्या मते तो ठरलेला क्रमच कामी आला; तो कुठेही नेऊन शिकवता येतो. आपला खेळ मात्र शिवजयंतीच्या मिरवणुकीत जास्त दिसतो. 2024 मध्ये दांडपट्टा राज्यशस्त्र झाला, याचा आनंद आहेच. पण आता तालमींना लेखी अभ्यासक्रम आणि वर्षभराचे वर्ग हवेत.