डोकं दुखतंय: बाम, पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन की डॉक्टरांची चिठ्ठी?

गोळी ठरवण्याआधी दुखणं कुठलं ते बघा. कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतंय, पण विरार लोकलच्या गर्दीत उभं राहता येतंय, तर ते बहुधा ताणाचं डोकं. अर्धशिशीची तऱ्हा निराळी. बऱ्याचदा एकाच बाजूला ठसठसतं, दादरचा पूल चढताना आणखी वाढतं, उजेड-आवाज नकोसा होतो, मळमळतं. औषध न घेतल्यास हे ४ ते ७२ तास चालतं. आपल्याकडे याला सरसकट ‘पित्त’ म्हणतात, कारण उलटी झाली की मोकळं वाटतं. पण उलटी हे अर्धशिशीचंही लक्षण आहे. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत उपाशी राहिल्यावर डोकं चढतं, तेही पित्ताच्याच नावावर जातं. जेवण चुकलं की अर्धशिशी उठते, हे मात्र कुणी बघत नाही.

बाम ताणाच्या डोक्याला ठीक. मेंथॉलचा गारवा तेवढा वेळ निभावून नेतो. अर्धशिशीत मात्र तो वासच सोसवत नाही.

खरी निवड पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेनमध्ये. पॅरासिटामॉल पोटाला सौम्य. निरोगी प्रौढाने दिवसाला ४ ग्रॅमच्या वर जाऊ नये, आणि सर्दीच्या गोळीतही तेच असतं, म्हणून पाकीट वाचा. लिव्हरचा त्रास किंवा रोजची दारू असेल तर मर्यादा डॉक्टरांना विचारा. आयबुप्रोफेन अर्धशिशीत बऱ्याच जणांना जास्त लागू पडतं, पण अल्सर, किडनीचा आजार किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर नकोच. घ्यायचंच तर दोन घास खाऊन. पावसाळ्यात तापासोबत डोकं दुखत असेल, तर मुंबईत डेंग्यूची शंका आधी. तेव्हा आयबुप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन दोन्ही टाळा, पॅरासिटामॉलच बरं. एरवी घरात एकच पाकीट ठेवायचं झालं तर माझं मत त्यालाच.

यांनी भागत नसेल तर सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान. ही खास अर्धशिशीची औषधं, तीही चिठ्ठीवरच. दुखणं सुरू होताच घेतली तर उपयोग जास्त. हृदयविकार, पक्षाघात झालेल्यांना ती चालत नाहीत.

साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ दिवस, आणि मिश्र गोळ्या (एकीतच दोन-तीन औषधं असलेल्या) किंवा ट्रिप्टान १० दिवस, असं तीन महिने चाललं तर गोळीच डोकं दुखवू लागते. केमिस्टकडून रोज स्ट्रिप नेणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं. अशा वेळी रोज घ्यायची प्रतिबंधक औषधं असतात. प्रोप्रॅनोलॉल हे त्यातलंच, पण दमा असणाऱ्यांना नाही.

विजेसारखी अचानक कळ, तापासोबत मान ताठ, बोलणं अडखळणं, हातापायात जोर नसणं, डोक्याला मार लागल्यावरचं दुखणं: यात गोळ्यांचा विचारच नको, थेट कॅज्युअल्टी गाठा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणंही लवकर दाखवून घ्या. बाकीच्यांनी ओपीडीत जाताना महिनाभराची नोंद न्यावी: तारीख, किती तास, कुठली गोळी, आदल्या रात्रीची झोप, बायकांनी पाळीची तारीखही.