म्हापशाच्या पोस्टातून ५६ एपीओला: फौजी घरच्यांसाठी डाकसेवेचा अनुभव

फौजेतल्या मुलाला घरचं काही पाठवायचं असेल, तर सरळ पोस्टात जा. उत्तर गोव्यातल्या पेडण्या-म्हापशाकडच्या ओळखीच्या घरांतून मला सारखं विचारतात की पार्सल कसं पाठवायचं, कारण आमच्याकडे आधी नवरा मराठा लाइट इन्फंट्रीत होता आणि आता मुलगा आहे. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. मुलाचं नाव, पलटण, ठिकाण यातलं काही लिहिणार नाही. ज्यांच्या घरात वर्दी आहे, त्यांना त्याचं कारण सांगायला नको.

खाजगी कुरिअरच्या नादी लागू नका. एकदा सुनेने घाईत एका कुरिअरवाल्याकडे डबा दिला. त्याने पैसे घेतले, पावती फाडली आणि थोड्या दिवसांनी ‘पत्ता अपूर्ण’ असा शेरा मारून डबा परत आणून दिला. पत्ता अपूर्ण नव्हता. फौजेचा पत्ता असाच असतो: जवानाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण, केअर ऑफ ५६ एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस) आणि ९ने सुरू होणारा पिनकोड. गाव नाही, जिल्हा नाही, राज्य नाही. देशातल्या पिनकोडचे पहिले आठ विभाग मुलखाप्रमाणे पाडलेत, नववा फौजेच्या टपालाचा. ईशान्येकडे असलेल्यांना बहुतेक ९९ एपीओ असतो. त्याचं टपाल कोलकात्याच्या २ सीबीपीओतून, म्हणजे फौजेच्या मध्यवर्ती टपाल कार्यालयातून जातं, आमच्यासारख्यांचं दिल्लीच्या १ सीबीपीओतून.

तिथे टपालाची पलटणीप्रमाणे विभागणी होते. कुठली पलटण आज कुठे आहे हे त्यांना ठाऊक असतं, पाठवणाऱ्याला नसतं. पलटण हलली तरी आपण पत्ता तोच लिहायचा, पार्सल तिच्या मागोमाग जातं. हे काम करणारी आर्मी पोस्टल सर्व्हिस १ मार्च १९७२ला स्वतंत्र कोअर झाली, आणि तिच्यातली बरीच माणसं मूळची डाक खात्यातलीच, प्रतिनियुक्तीवर वर्दी घालून गेलेली. म्हणजे जो माझं पार्सल वरती पोचवतो, त्याच्याही घरी कोणीतरी वाट बघत असतं. पार्सल शिवताना हे माझ्या मनात असतं.

हो, मी अजून शिवते. आता तशी सक्ती नाही, खोकं टेपने बंद केलं तरी घेतात. पण वाटेत किती वेळा उचललं, टाकलं जाणार, ते आपल्या हातात नसतं. जुन्या पांढऱ्या चादरीचं कापड, दाभण आणि दोरा, कडेला दुहेरी टाके. पत्ता मार्करने दोन बाजूंना, आणि एक चिठ्ठी आत, वरचं कापड फाटलंच तर उपयोगी पडावी म्हणून.

आत काय घालायचं हे मोसम बघून ठरवा. मानकुराद आंबा पाठवायचा मोह होतो, पण तो पोचेपर्यंत टिकत नाही. त्याऐवजी आंब्याचं किंवा फणसाचं साट (वाळवलेली पोळी) पाठवा, ते महिनोन्महिने राहतं. कोकमाची सोलं नीट उन्हात घातलेली असतील तर उत्तमच, पाण्यात भिजवून मीठ-साखर घातली की त्याचं काम होतं. जत्रेतलं खाजं टिनाच्या डब्यात, वर कागद ठासून भरा, नाहीतर गुळाचा चुरा हाती येतो. सुकी सुंगटं (कोळंबी) माझा मुलगा मुद्दाम मागून घेतो. किसमुरीला, म्हणजे सुक्या मासळीच्या कोशिंबिरीला, लागणारं ओलं खोबरं तिथे कुठून येणार, म्हणून मी सुंगटं साफ करून, मंद आचेवर कडक भाजून, तिखट-मीठ लावून दुहेरी पिशवीत बंद करून देते. साताऱ्याकडचे त्याचे सोबती पहिल्यांदा वासाने बाहेर गेले होते. आता पिशवी उघडली की तेच आधी हात पुढे करतात. लोणचं, तेल, कुठलंही पातळ पाठवू नका. पॉवर बँक चालत नाही, फेणीचं तर नावच नको.

म्हापशाच्या पोस्टात शुक्रवारी जाऊ नका, बाजाराच्या दिवशी गाडी लावायला जागा नसते. खिडकीवरचा मुलगा आता मला ओळखतो. तो पार्सल तराजूवर ठेवतो, पिनकोड वाचतो आणि विचारतो, “काकी, पातळ काही नाही ना?” मी नाही म्हणते. पावती छापली जाते, संपलं. एवढ्या वर्षांत तो एकदाही मला ‘तुमचा अभिमान वाटतो’ म्हणालेला नाही, आणि त्यासाठी मी त्याची मनापासून ऋणी आहे. बाहेर सगळे तेच म्हणतात. ते खोटं नसतं. पण ते ऐकलं की आपण ताठ उभं राहायचं असतं, हसायचं असतं. तिथे मात्र मी पार्सल टाकायला आलेली बाई असते. काही दिवस असे येतात की तेवढंच झेपतं.

तसे दिवस २०२५च्या मे महिन्यात आले.

२२ एप्रिल २०२५ला पहलगामला २६ माणसं मारली गेली. मी ते बघून पेटून उठले होते. याला जबाब द्यायलाच पाहिजे असं मी तेव्हा म्हटलं आणि आजही म्हणते. त्याच आठवड्यात मी पार्सल टाकलं होतं. ७ मेच्या पहाटे आपल्या सैन्याने ऑपरेशन सिंदूर केलं, नऊ ठिकाणं उडवली. सकाळी बातमी ऐकली तेव्हा छाती भरून आली. मग आठवलं, मुलाचा फोन आधीपासूनच लागत नव्हता. एकाच श्वासात दोन्ही झालं. आधी अभिमान आणि मग भीती, असं नव्हे.

पोस्टाच्या ट्रॅकिंगवर पार्सल दिल्लीला १ सीबीपीओत पोचल्याचं दिसत होतं. पुढे काही दिसत नाही, आणि दिसू नये हेच बरोबर. माझ्या मोबाइलवर जे दिसेल ते उद्या दुसऱ्याच्याही मोबाइलवर दिसेल. हे मला पटतं. तरी त्या रात्री मी ती एकच ओळ परत परत उघडून बघत होते. टीव्ही आम्ही बंद केला होता. कोणी सांगत होतं कराची बंदर उद्ध्वस्त झालं, कोणी आणखी काही, आणि त्यातलं बरंच नंतर खोटं निघालं. लढाईच्या हालचाली थेट दाखवू नका, असं सरकारला वाहिन्यांना सांगावं लागलं. ज्यांची मुलं त्या हालचालीत असतात त्यांना ती सूचना वाचून काय वाटलं असेल, ते वाहिनीवाल्यांनी एकदा आमच्यासारख्या घरी बसून बघावं.

नात्यातल्या एकाने ग्रुपवर लिहिलं, ‘आता थांबायचं नाही, एकदाच काय ते संपवून टाका.’ मी उत्तर दिलं नाही. त्याचं म्हणणं चुकीचं आहे असं मला ठामपणे म्हणता येत नव्हतं. पण संपवायला जाणार कोण, हे त्याच्या वाक्यात कुठेच नव्हतं. त्याच माणसाने माझ्या मुलाला खांद्यावर घेऊन जत्रेत फिरवलेलं आहे, म्हणून जास्त लागलं.

१० मेला संध्याकाळी गोळीबार थांबल्याचं जाहीर झालं. आमच्या घरात तीन मोठी माणसं, तिघांची तीन मतं. सून ढसाढसा रडली आणि म्हणाली, “आई, मला जिंकणं-हरणं काही नको होतं. हे थांबायला हवं होतं, बस.” नवरा म्हणाला, “काम झालं असेल तर थांबायचं. फौजेला हुकूम कळतो, हौस नाही.” आणि मला सुटल्यासारखं वाटलं, वर एक रुखरुखही, की हे अर्धवट तर राहिलं नाही ना, उद्या परत माझ्याच मुलाला जावं लागणार नाही ना. तिघांचंही माणूस तिकडेच होतं. सुनेचं देशप्रेम माझ्याहून कमी आहे असं कोणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही. लग्नानंतर ती किती काळ नवऱ्यासोबत राहिली ते मी बघितलंय. तिच्या पोरीला बाबा फोनच्या पडद्यावर जास्त माहीत आहे.

नवऱ्याच्या वेळी पोस्टाचंच राज्य होतं. १९९९ला तो काश्मीरात होता. घरी फोन नव्हता, नाक्यावरचा एसटीडी बूथ, आणि फौजेची पत्रं. ‘मी ठीक आहे, काळजी करू नये’, खाली तारीख. पत्र हातात पडलं की मी आधी तारीख बघायची आणि मधले दिवस मोजायची. कारण तो ठीक होता तो त्या तारखेला. त्याच उन्हाळ्यात पहिल्यांदा जवानांच्या शवपेट्या गावोगाव घरी पोचवल्या गेल्या, सगळ्या देशाने त्या टीव्हीवर बघितल्या. कारगिलमध्ये ५२७ जवान गेले. आमच्या पोस्टमनची सायकल वळणावर आली की सासूबाई देवासमोर जाऊन उभ्या राहायच्या, पत्र आहे की तार आहे हे कळेपर्यंत मागे वळायच्या नाहीत. तार २०१३ साली बंद झाली. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

मग कोणी विचारतं, एवढं होतं तर मुलाला कशाला पाठवलंत? मी गोव्याची आहे, हेच माझं उत्तर. १९६१च्या डिसेंबरात आपल्याला मोकळं करायला जे आले ते इथले नव्हते. अंजदीव बेट घेताना नौदलाचे सात तरुण खलाशी गेले. दमणवर चालून गेली ती पहिली मराठा पलटण. त्या मोहिमेचं नाव ऑपरेशन विजय होतं, पुढे कारगिलच्या मोहिमेलाही तेच नाव दिलं. त्या सात घरांत तार पोचली असणार, आणि त्या घरांनी गोवा कधी बघितलाही नसेल. दुसऱ्याच्या मुलांनी माझ्यासाठी यावं आणि माझ्या मुलाने मात्र कोणासाठी जाऊ नये, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? त्याने जाऊ नये असं वाटणं मात्र थांबत नाही. ते थांबावं अशी अपेक्षाही कोणी आमच्याकडून करू नये.

पार्सल पोचलं. गोळीबार थांबल्यानंतर केव्हातरी मुलाचा फोन आला. आवाज बसलेला होता. स्वतःचं काही बोलला नाही, आम्हीही विचारलं नाही. म्हणाला, साट मिळालं, सुंगटं मिळाली, कापड एका कोपऱ्यात फाटलंय पण आतलं सगळं शाबूत आहे. मग मी त्याच्या पोरीला फोन दिला.

या सेवेला मी पाचपैकी पाच देते. वेगवान म्हणून नव्हे. वरती रस्ता बंद असेल, बर्फ असेल, पलटण हललेली असेल, तर वेळ लागणारच, आणि तो धरूनच चालायला हवं. मला मोल आहे ते याचं, की पत्त्यात गाव नसतानाही आजवर आमचं एकही पार्सल हरवलेलं नाही.

आता कामाच्या गोष्टी. २०२५मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिळवलं आहे, तेव्हा खिडकीवर रजिस्टर मागू नका, स्पीड पोस्टच सांगा. पावती पोच कळेपर्यंत फेकू नका. पत्त्यात ‘काश्मीर’, ‘लेह’ असलं काही स्वतःच्या मनाने जोडू नका, पार्सलचा फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. नौदलातल्या मुलांच्या आयांनी पत्ता मुलालाच विचारून घ्यावा. जहाजावरच्यांचं टपाल बहुतेक मुंबईच्या फ्लीट मेल ऑफिसमार्फत जातं, एपीओ लिहून उपयोग नाही. राखीचं पाकीट पाणी न शिरणारं घ्या आणि महिनाभर आधी टाका. चवथीला (गणेश चतुर्थीला) रजा मिळणार नसेल तर नेवऱ्या (करंज्या) पाठवा, पण चण्याच्या पुरणाच्या नकोत. सुकं खोबरं आणि भाजलेला रवा घालून केलेल्या तेवढ्या टिकतात, आणि डब्यात त्यांच्यामध्ये जागा राहू देऊ नका.