दहा वर्षं जुन्या थिंकपॅडवर विंडोज ११: रुफसचा अनुभव

मी साताऱ्यात एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करते. दावे, कैफियती, प्रतिज्ञापत्रं, पुरसीस, दिवसभर हेच काम. माझा स्वतःचा लॅपटॉप थिंकपॅड टी४५०, २०१५चं मॉडेल, सेकंड हँड घेतलेला. त्याच्या कीबोर्डवर हात बसलाय. नव्या पातळ लॅपटॉपच्या चपट्या बटणांवर पन्नास पानी दावा टाइप करून पाहा, मग मी हे मशीन का सोडत नाही ते कळेल.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची नेहमीची अपडेट्स थांबली. नाव नोंदवलं की घरगुती वापरासाठी आणखी एक वर्ष सुरक्षा अपडेट्स मिळतात, पण तेवढंच. आणि विंडोज ११ या मशीनला सरळ नाही म्हणतं. इंटेलच्या प्रोसेसरची अधिकृत यादी आठव्या पिढीपासून सुरू होते, माझा आय-५ पाचव्या पिढीचा. सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी टीपीएम चिप २.० हवी, माझी १.२. बाकी ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी मी आधीच टाकून घेतली होती. तुमच्या मशीनमध्ये अजून जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर विंडोजचा विचार नंतर करा, आधी एसएसडी बसवा. खरा फरक तिथेच पडतो.

मी वापरलं ते रुफस, म्हणजे विंडोज इन्स्टॉल करायचा पेन ड्राइव्ह तयार करणारं सॉफ्टवेअर. पीट बटार्ड या प्रोग्रामरने लिहिलेलं, फुकट, सोर्स कोड खुला, जेमतेम दोन एमबीच्या आसपासची एक फाइल, इन्स्टॉलसुद्धा करावी लागत नाही. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज ११ची आयएसओ (इन्स्टॉलची अख्खी फाइल) उतरवायची, किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लावायचा आणि स्टार्ट दाबायचं. मग एक छोटी चौकट उघडते, सगळी किमया तिच्यात आहे. पहिल्याच खुणेत ४ जीबी रॅम, सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) आणि टीपीएम २.० या तिन्ही अटी एकदम निघतात. दुसऱ्या खुणेने मायक्रोसॉफ्ट अकाउंटची सक्ती जाते, मात्र त्यासाठी इन्स्टॉल होईपर्यंत नेट बंद ठेवायचं. आणखी एका खुणेने माहिती गोळा करण्याचे प्रश्न आपोआप नाकारले जातात. विंडोजच्या मूळ फाइली मायक्रोसॉफ्टच्याच राहतात, फक्त दारावरची तपासणी बाजूला होते. म्हणूनच कुठल्याशा टेलिग्राम ग्रुपवरची ‘हलकी केलेली’ विंडोज घेण्यापेक्षा मला हा रस्ता शंभर पटींनी बरा वाटतो. अशिलांची कागदपत्रं ज्या मशीनवर उघडायची, त्यात कोणी काय घुसवलंय हे ठाऊक नसणं मला चालणार नाही.

सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर काढून मी कोरं इन्स्टॉल केलं. सुरू करताना एफ१२ दाबून पेन ड्राइव्ह निवडला, पुढे कुठेही अडलं नाही. नेट जोडल्यावर विंडोज १०चंच लायसन्स आपोआप लागू झालं. आवृत्ती मात्र तीच हवी, प्रोला प्रो, होमला होम. ऑफिसातल्या जुन्या लेझर प्रिंटरलाही विंडोज १०चाच ड्रायव्हर चालला.

मराठीत काम करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कोऱ्या विंडोज ११मध्ये मंगल फाँट मिळेलच असं नाही. जुन्या फाइली उघडल्या, अक्षरं दिसली, पण ती निर्मला फाँटमध्ये, आणि त्यामुळे ओळी सरकून पानं वाढली. न्यायालयात दाखल केलेल्या प्रतीशी पानांचे आकडे जुळेनात. उपाय सोपा आहे: सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समध्ये जाऊन देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स घ्यायचे. त्यात मंगल, कोकिळा, अपराजिता सगळे येतात. कीबोर्ड मात्र विंडोजमध्येच आहेत, इनस्क्रिप्टही आणि फोनेटिकही.

वेगाबद्दल माझी तक्रार नाही. वर्ड, पीडीएफ, ब्राउझरच्या आठ-दहा टॅब एकत्र चालतात. मात्र मेमरी इंटिग्रिटी नावाची सुरक्षा सोय या पिढीच्या प्रोसेसरला जड जाते. तिच्यासाठी लागणारा हार्डवेअरचा आधार इंटेलमध्ये सातव्या पिढीपासून आला. त्याआधीच्या प्रोसेसरवर तेच काम सॉफ्टवेअरने ओढावं लागतं. मी ती बंद ठेवली आहे. सुरक्षेचा एक थर कमी झाला, हे मान्य करूनच.

वकीलसाहेबांनी विचारलं, “ताई, मग यावर ई-फायलिंग करायचं का?” म्हणजे न्यायालयात ऑनलाइन दाखल करणं. मी नाही म्हटलं. डिजिटल सहीचा टोकन ऑफिसच्या नव्या डेस्कटॉपलाच लावायचा. मसुदे, टायपिंग, निकाल शोधणं, हे सगळं थिंकपॅडवर. दर महिन्याची अपडेट्स मला येत आहेत, विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडरही ताजा राहतो, पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. आणि दरवर्षीची नवी आवृत्ती सहसा आपणहून येत नाही. नवी आयएसओ, पुन्हा रुफस, आणि चालू विंडोजमधूनच पेन ड्राइव्हवरचा सेटअप चालवायचा. त्यासाठी रुफस ४.६ किंवा नंतरचं घ्या, त्यात अशा अपग्रेडच्या वेळची तपासणीसुद्धा ओलांडायची सोय आहे. होम आणि प्रोच्या प्रत्येक आवृत्तीला २४ महिनेच अपडेट्स मिळतात, तेव्हा हे काम टाळून चालत नाही. ज्यांच्या घरी हे करणारं कोणी नाही, त्यांना मी हा मार्ग सुचवणार नाही.

पण स्वतः करायची तयारी असेल तर बिनधास्त करा. पाचव्या-सहाव्या पिढीचे, धडधाकट, बिजागरीसुद्धा न हललेले लॅपटॉप आज भंगाराच्या भावात निघताहेत, ते बघून मला खरंच वाईट वाटतं. अख्ख्या कामात माझा खर्च झाला तो एका पेन ड्राइव्हचा.

त्याहून खूप जुन्या, कोअर टू ड्युओ प्रोसेसरच्या मशीनवर मात्र हा खटाटोप करू नका. विंडोज ११च्या २४एच२ (२०२४ची) आवृत्तीपासून प्रोसेसरला पॉपसीएनटी ही आज्ञा (इन्स्ट्रक्शन) कळावी लागते, ती त्यात नाही, त्यामुळे मशीन सुरूच होत नाही आणि रुफसच्या खुणांनी त्यावर काही होत नाही. तिथे विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाका.