डाक सेवकाची रजा आणि नियमित कर्मचाऱ्याची रजा: सेवेच्या वर्षांचा हिशेब

ग्रामीण डाक सेवक म्हणून काही वर्षे काढलेल्या माणसापुढे कधी ना कधी हा प्रश्न उभा राहतो, की खात्यांतर्गत परीक्षा देऊन एमटीएस (मल्टी टास्किंग स्टाफ, म्हणजे नियमित सेवेतला बहुकामी कर्मचारी) किंवा पोस्टमन व्हावे, की आपल्या शाखा डाकघरातच राहावे. अशा वेळी पगाराची आणि निवृत्तिवेतनाची चर्चा भरपूर होते. रजेचा विषय मात्र ‘तिकडे 30 दिवस, इकडे 20 दिवस’ एवढ्यावर आटोपतो. हे दोन्ही आकडे बरोबर आहेत, परंतु त्यावरून फरक वर्षाला दहा दिवसांचाच आहे असा जो समज होतो, तो फसवा आहे. खरा फरक सेवेची वर्षे वाढत गेल्यावर दिसू लागतो.

नियमित कर्मचाऱ्याला केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, 1972 लागू होतात. त्यानुसार अर्जित रजा, म्हणजे कार्यालयीन बोलीतली ईएल, 1 जानेवारीला 15 आणि 1 जुलैला 15 दिवस अशी आगाऊ जमा होते. सहामाहीच्या मध्येच रुजू झालेल्याला त्या सहामाहीपुरते सेवेच्या प्रत्येक पूर्ण महिन्यामागे अडीच दिवस मिळतात. न वापरलेली रजा पुढे चालत राहते आणि 300 दिवसांपर्यंत साठवता येते. याशिवाय वर्षाला 20 दिवसांची अर्धवेतनी रजा वेगळ्या खात्यात जमा होते, तिच्या साठ्याला कमाल मर्यादा नाही. नैमित्तिक रजा सर्वसाधारणपणे 8 दिवसांची असून ती वर्षअखेरीस संपते.

डाक सेवकाची व्यवस्था वेगळी आहे, कारण तो खात्याचा असला तरी नियमित सेवेबाहेरचा मानला जातो आणि त्याला रजा नियम लागू होत नाहीत. त्याला भत्त्यासह (त्याच्या पगाराला भत्ता म्हणतात) मिळणारी रजा दर सहामाहीला 10 दिवस, म्हणजे वर्षाला 20 दिवस असते. डाक सेवकांच्या भत्त्याचा आणि सेवाशर्तींचा विचार करणाऱ्या कमलेश चंद्र समितीच्या अहवालानंतर 2018 मध्ये ज्या सुधारणा झाल्या, त्यांत वर्षाला 5 दिवसांची आकस्मिक रजा मिळाली. त्यामुळे वर्षाची बेरीज 25 होते आणि कागदावर ती फार कमी वाटत नाही. अडचण अशी, की सहामाहीतली रजा त्याच सहामाहीत घ्यावी लागते. जूनअखेर उरलेले चार दिवस जुलैत नव्या दहा दिवसांना जोडले जात नाहीत, ते बुडतात. रजा पुढे नेऊ द्यावी ही डाक सेवकांच्या संघटनांची जुनी मागणी आहे, आणि माझ्या मते दिवसांची संख्या वाढवण्याच्या मागणीपेक्षा तीच अधिक महत्त्वाची आहे.

सेवेच्या वर्षांनुसार रजेचा दर वाढण्याची पद्धत दोघांनाही लागू नाही, हे येथे स्पष्ट करायला हवे, कारण ‘ज्येष्ठ झालो की रजा वाढते’ असा समज बऱ्याच जणांचा असतो. अमेरिकेच्या टपाल सेवेत तशी पद्धत आहे. तेथे कायम कर्मचाऱ्याला पहिली तीन वर्षे वार्षिक रजा 13 दिवस, त्यानंतर पंधरा वर्षे पूर्ण होईपर्यंत 20 दिवस आणि पुढे 26 दिवस मिळते. आपल्याकडे पहिल्या वर्षीचा पोस्टमन आणि तीस वर्षे झालेला पोस्टमन या दोघांच्याही खात्यात वर्षाला 30 दिवसच पडतात. ज्येष्ठतेचा लाभ दराऐवजी साठ्याच्या रूपाने मिळतो. डाक सेवकाला दरही वाढून मिळत नाही आणि साठाही होत नाही. 2024 च्या योजनेने त्याला 12, 24 आणि 36 वर्षांच्या सेवेनंतर वर्षाला अनुक्रमे 4,320, 5,520 आणि 7,200 रुपयांची आर्थिक वाढ दिली, म्हणजे ज्येष्ठतेची दखल पैशात घेतली गेली. रजेत ती अजून घेतलेली नाही.

निर्णय घेताना वयाचा हिशेब मांडणे त्यामुळे अपरिहार्य ठरते. डाक सेवक असतानाची सेवा नियमित सेवेत धरली जात नसल्यामुळे नेमणुकीच्या दिवशी रजेचे खाते नव्याने सुरू होते. पूर्वीची दहा वर्षे येथे उपयोगी पडत नाहीत. समजा, एक जण 30 व्या वर्षी एमटीएस झाला आणि 60 व्या वर्षी निवृत्त झाला. तीस वर्षांत त्याच्या खात्यात 900 दिवस जमा होतील, आणि दर वर्षी वीस दिवस वापरूनही शेवटी 300 दिवस शिल्लक राहतील. दुसरा जण 48 व्या वर्षी आला, तर बारा वर्षांत 360 दिवस जमा होतील आणि तितकीच रजा वापरल्यास 120 उरतील. निवृत्तीच्या वेळी या शिल्लक दिवसांचे मूळ वेतन अधिक महागाई भत्ता या दराने रोखीकरण होते. दोन्ही मिळून महिन्याचे 60,000 रुपये धरले, तर दिवसाचे 2,000 होतात. पहिल्याला 6 लाख रुपये मिळतील, दुसऱ्याला 2 लाख 40 हजार. डाक सेवकाला सेवा संपताना ग्रॅच्युइटीसारख्या इतर रकमा मिळतात, पण रजेच्या रोखीकरणाचा त्यांत समावेश नाही. दुसरीकडे, तो 65 व्या वर्षापर्यंत काम करू शकतो, म्हणजे 48 व्या वर्षी निर्णय घेणाऱ्याने बारा वर्षांची तुलना सतरा वर्षांशी करायची आहे.

आजारपणाच्या बाबतीत दरी सर्वांत रुंद आहे. नियमित कर्मचारी वैद्यकीय प्रमाणपत्रावर अर्धवेतनी रजा परिवर्तित करून घेऊ शकतो. त्यात खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात, पण वेतन पूर्ण मिळते. दहा वर्षे सेवा झालेल्या आणि ही रजा न वापरलेल्या माणसाकडे 200 अर्धवेतनी दिवस, म्हणजे पूर्ण वेतनाचे 100 दिवस असतात, आणि अर्जित रजा त्याखेरीज. डाक सेवकाचा पाय मोडला आणि डॉक्टरांनी दोन महिने विश्रांती सांगितली, तर त्या सहामाहीचे दहा आणि आकस्मिक पाच दिवस संपल्यानंतरचा काळ बिनभत्त्याचा जातो. शिवाय आपल्या जागी बदली माणूस देण्याची जबाबदारी परंपरेने त्याच्यावरच येत आलेली आहे. घरात दीर्घ आजार असेल किंवा स्वतःची प्रकृती नाजूक असेल, तर माझ्या दृष्टीने परीक्षा देण्यासाठी हे एकच कारण पुरेसे आहे.

प्रसूती रजा दोन्हीकडे साधारण सहा महिन्यांची असल्याने तेथे मोठा फरक नाही. परंतु बालसंगोपन रजा, जी नियमित सेवेतील महिला कर्मचाऱ्याला संपूर्ण सेवाकाळात 730 दिवसांपर्यंत मिळू शकते, ती डाक सेविकेला नाही.

आता उलट बाजू. डाक सेवकाचे काम दिवसाला चार किंवा पाच तासांचे असते आणि नेमणूक बहुधा घराजवळ असते. शेतीची पेरणी, मुलांची शाळा, बँकेतली कामे यांपैकी बरेच काही तो रजा न घेता उरकतो. नियमित झाल्यावर नेमणूक दूरच्या गावी झाली, तर अर्जित रजेतले काही दिवस गावी जाण्यायेण्यातच खर्ची पडतात. त्यातच अर्जित रजेच्या मधोमध येणारा रविवार किंवा सुटी रजेतच मोजली जाते, आधी वा नंतर जोडून घेतलेली सुटी मात्र मोजली जात नाही. नैमित्तिक रजेत मधल्या सुट्या धरत नाहीत. सोमवार ते पुढच्या शनिवारपर्यंत ईएल टाकली, तर मधला रविवार धरून तेरा दिवस वजा होतात, आणि हा हिशेब नव्याने रुजू झालेल्यांना पहिल्यांदा धक्का देतो. म्हणून 30 आणि 20 ची तुलना करताना रोज मोकळे मिळणारे तासही मोजायला हवेत.

एमटीएसची नोकरी ही पुढच्या परीक्षेची पायरी म्हणून पाहणाऱ्यासाठी आणखी एक बाब आहे. सरळ राजीनामा दिल्यास शिल्लक अर्जित रजेच्या निम्म्याच दिवसांचे, तेही कमाल 150 दिवसांचे, पैसे मिळतात. मात्र रीतसर परवानगीने अर्ज करून केंद्र सरकारच्याच दुसऱ्या पदावर जाताना तांत्रिक राजीनामा दिला, तर रजेची शिल्लक सोबत जाते. त्यामुळे अर्ज योग्य मार्गाने पाठवल्याची नोंद आणि त्याची पोच स्वतःजवळ ठेवावी, आणि कार्यालय सोडण्यापूर्वी सेवापुस्तकातील रजेच्या नोंदी तारखांसह तपासून घ्याव्यात.