'क्रुपित्से'च्या डब्यात रवा: जुन्या चेक चिनी मातीसोबत सव्वा वर्ष

चेक देशातल्या ब्रनो शहरात, आमच्या स्वयंपाकघरात रव्याच्या चिनी मातीच्या डब्यावर निळ्या अक्षरांत 'क्रुपित्से' लिहिलंय. क्रुपित्से म्हणजे रवाच, त्यामुळे तिथे काही अडलं नाही. 'रीझे'त तांदूळ, 'त्सुकर'मध्ये साखर, 'सूल'मध्ये मीठ. छोट्या बरण्यांपैकी 'स्कोर्झित्से'त दालचिनी, 'ह्र्झेबीचेक'मध्ये लवंग. (हा शब्द उच्चारता येईपर्यंत लवंग संपते.) गाडी अडली ती 'क्मीन'पाशी. इथल्या लोकांचा क्मीन दिसायला जिऱ्यासारखा, पण वास अगदी वेगळा. तो पावात नि कोबीत घालतात. आपल्या जिऱ्याला हे 'रोमन क्मीन' म्हणतात. मी तरी त्यात जिरंच भरलं. आणि 'नोवे कोर्झेनी', म्हणजे शब्दशः 'नवा मसाला', असं लिहिलेल्या बरणीत आईने पाठवलेला गोडा मसाला आहे.

हा बारा नगांचा संच मी प्रागच्या कोल्बेनोवाच्या जुन्या बाजारातून नऊशे कोरुनांना (कोरुना हे इथलं चलन) घेतला. मेट्रोच्या बी लाइनवर त्याच नावाचं स्टेशन आहे, मी गेले तेव्हा बाजार शनिवार-रविवारी भरायचा. त्याला इथे 'ब्लेशाक' म्हणतात, पिसवांचा बाजार. सकाळी लवकर जावं; दहानंतर उरतात त्या फुटक्या बाहुल्या आणि जुने चार्जर. विकणाऱ्या आजीबाई मी प्रत्येक बरणीला टिचकी मारून कानाशी नेताना बघून हसत होत्या. मी काय नवीन करत नव्हते, माठ घेताना आपण तेच करतो. टण् आवाज आला तर भांडं सलग, बद्द आला तर कुठेतरी तडा आहे, डोळ्याला दिसो वा न दिसो. दोन बरण्या बद्द निघाल्या. आजींनी किंमत शंभराने उतरवली आणि मी सगळाच संच उचलला. तडा असला तरी दालचिनीला काय फरक पडतो?

तिथून हा नाद लागला. आता घरात लहानमोठे साठेक नग आहेत, आणि रोजच्या वापरानंतर माझं मत पहिल्या महिन्यात होतं तसं राहिलेलं नाही.

आधी पोर्सेलिनचं, म्हणजे कडक आचेवर भाजलेल्या चिनी मातीचं सांगते, कारण तिथे तक्रारीला जागाच नाही. रोजच्या जेवणाला आम्ही 'त्सिबुलाक' वापरतो, म्हणजे पांढऱ्यावर निळी नक्षी असलेली ती प्रसिद्ध भांडी. त्सिबुले म्हणजे कांदा, पण नक्षीत कांदा नाहीच. चिनी भांड्यांवरची डाळिंबं आणि पीच बघून जर्मनीतल्या माइसनच्या कारागिरांनी अठराव्या शतकात ती नक्षी उतरवली आणि लोकांना ती फळं कांद्यासारखी दिसली. बोहेमियाच्या, म्हणजे या देशाच्या पश्चिमेकडच्या प्रांताच्या, उत्तर भागात दुबी गावात हीच नक्षी 1885पासून काढतात, आजही. माझ्या ताटल्यांपैकी काहींच्या मागे 'दुबी' आहे, तर एका जुन्या बशीवर 'आइखवाल्ड'. मला वाटलं दुसरा कारखाना असेल. मग कळलं की आइखवाल्ड हे दुबीचंच जर्मन नाव. या सीमाभागात जर्मन बोलणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यातल्या बहुतेकांना देशाबाहेर काढलं, कारखाने सरकारजमा झाले आणि गावांची चेक नावं तेवढी उरली. दुख्त्सोवच्या कारखान्याचा गुलाबी त्रिकोणाचा शिक्का अजून 'रॉयल डुक्स' म्हणतो, कारण डुक्स हे त्या गावाचं जर्मन नाव. (प्रेमप्रकरणांसाठी गाजलेला इटालियन कासानोव्हा म्हातारपणी याच गावच्या वाड्यात ग्रंथपाल होता आणि 1798मध्ये तिथेच वारला. डुक्सच्या नाजूक बायांच्या मूर्ती बघताना मला उगाच त्याची आठवण होते.)

असो. त्सिबुलाकची निळाई कोबाल्टची आणि भांड्यावरच्या काचेसारख्या चकाकीच्या थराखाली असते, त्यामुळे सव्वा वर्ष डिशवॉशरमध्ये घालूनही ती रेसभर फिकट झालेली नाही. वरण, रस्सा, सोलकढी, सगळं चालतं. सोनेरी काठाच्या कपांना मात्र ना डिशवॉशर, ना मायक्रोवेव्ह. एकदा विसरून चहा गरम करायला ठेवला, तर आत ठिणग्या उडाल्या आणि काठावर काळा ठिपका कायमचा राहिला.

खरा धडा मातीच्या रंगीत भांड्यांनी दिला. पहिल्या महायुद्धानंतर इथून परदेशी जाण्यासाठी भडक केशरी, काळ्या, पिवळ्या रंगांचे पाण्याचे जग आणि फुलदाण्या भरपूर निघाल्या; तळाशी 'मेड इन चेकोस्लोव्हाकिया'. तो देश 1918मध्ये जन्मला आणि 1992च्या अखेरीस संपला, त्यामुळे नुसत्या शिक्क्यावरून वस्तूचं नेमकं वय कळत नाही, एवढंच कळतं की ती या पाऊणशे वर्षांतली आहे. त्यांतलीच एक पिवळ्या फुलांची खोलगट ताटली मी हौसेने पोह्यांना काढली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताटलीत एक जाळं उमटलं. चकाकीला केसांएवढ्या चिरा आधीपासून होत्याच, हळद त्यांत शिरली आणि कोळ्याने रात्रीत विणावं तसं पिवळं जाळं दिसायला लागलं. घासून काय उपयोग, डाग आतल्या मातीत होता. पोर्सेलिन तेराशे-चौदाशे अंशांवर भाजलेलं असतं, आतून काचेसारखं घट्ट. ही भांडी बऱ्याच कमी आचेवर भाजलेली. त्यांची माती पाणी पिते, आणि माती व चकाकी यांचं आकुंचन जुळलं नाही की चिरा पडतात. शेवटी साड्यांवरच्या हळदीला आजी जे करायची तेच केलं. मे महिन्यात ताटली गॅलरीत उन्हात ठेवली. तीन आठवड्यांत जाळं जवळजवळ गेलं. जवळजवळच, तिरकी धरली की अजून दिसतं. आता ती भिंतीवर असते.

फुलदाणीनेही तेच केलं. साठच्या दशकातली, राखाडी, खरबरीत, बारीक गळ्याची. 1958च्या ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनानंतर इथे त्या वळणाची लाटच आली होती, चेक लोक त्याला अजून 'ब्रुसेल्स शैली' म्हणतात. बाजारात दोनशे-तीनशे कोरुनांना मिळते आणि साध्या शेल्फवर इतकी शोभते की विचारू नका. ट्यूलिप घालून ठेवली. चार दिवसांनी उचलली तर खाली लाकडावर पांढरं वर्तुळ, तळातून पाणी पाझरलेलं. शेल्फ घरमालकाचं. आता आत वाळकं गवत असतं आणि ताजी फुलं जवळच्या काचेच्या ग्लासात.

सासूबाई तीन महिने राहून गेल्या तेव्हा एका हिरव्या, झाकणाच्या जगवर त्यांचा डोळा होता. "अगं, लोणच्याला किती छान आहे हा! चिनी मातीच आहे ना?" मी म्हटलं, "अहो आई, यात नको." जुन्या रंगीत चकाकीत शिसं असू शकतं आणि लिंबू, चिंच, व्हिनेगर यांसारख्या आंबटात ते उतरतं. आपली लोणच्याची बरणी वेगळी, ती त्याच कामासाठी घडवलेली असते. त्यांना ते फारसं पटलं नाही, पण लोणचं काचेच्या बाटलीत गेलं. घरी तपासायच्या काड्या मिळतात, मी त्यांच्यावर विसंबत नाही. माझा नियम सोपा: जुनं रंगीत आणि दुसऱ्या महायुद्धाआधीचं असेल तर त्यात कोरडा जिन्नस किंवा काहीच नाही.

सजावटीबद्दल थोडं. आमचं घर पानेलाकमध्ये, म्हणजे काँक्रीटच्या तयार भिंती जोडून बांधलेल्या इमारतीत. साध्या ड्रिलने भिंतीला ओरखडासुद्धा येत नाही. हॅमर ड्रिल भाड्याने आणून नवऱ्याने एका शनिवारी अकरा भोकं पाडली, खालच्या काकूंनी आवाजाला वैतागून दोनदा रेडिएटर वाजवला. ताटल्या तारेच्या स्प्रिंगवाल्या हँगरवर टांगल्यात. स्प्रिंग फार ताठ असेल तर काठाला टवका उडतो, म्हणून टोकांवर रबरी नळीचे तुकडे चढवले. पहिल्या उत्साहात सगळे साठ नग मांडले होते. घर कमी आणि दुकान जास्त दिसत होतं. एक पाहुणे खरंच विचारते झाले, "हे विकायला आहे का?" आता एका वेळी बारा-पंधरा बाहेर, बाकी कपाटात. भडक केशरी जग एकटा ठेवला तरच बघवतो. निळ्या-पांढऱ्याला गर्दी चालते, उलट गर्दीतच ती खुलते.

ऑनलाइन लिलावात दोनदा हात पोळले. एक जग आला तो एका वर्तमानपत्रात गुंडाळून, खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'नाजूक' लिहून, आत नऊ तुकडे. पैसे परत मिळाले, जग गेला. तेव्हापासून हातात घेऊन, टिचकी मारून, काठावरून नख फिरवूनच घेते. डोळ्याला चुकलेला टवका नखाला सापडतो.

नव्याने सुरू करणार असाल तर पैसे आधी रोजच्या पोर्सेलिनवर घाला, तळ बघायला शिका, आणि नक्षीला भुलून पहिल्याच दिवशी त्यात जेवू नका. डुक्सच्या मूर्तींना मी हात लावत नाही; महाग आहेत, आणि धूळ पुसताना छाती धडधडते.

कणकेचा डबा, 'मोउका'वाला, झाकणाशिवायच आला होता. सव्वा वर्ष प्रत्येक बाजारात शोधतेय, मापाचं मिळत नाही. सध्या त्यावर स्टीलची वाटी पालथी घातली आहे.